ही गोळी फोडायची नाही

मधू गेल्याची बातमी मला शाळेच्या फोनवर कळली. अकोल्याहून ट्रंककॉल होता. आवाज कधी येत होता, कधी जात होता, आणि पलीकडचा माणूस, मधूच्याच कॉलेजातला कोणी शिक्षक, 'हार्ट, हार्ट' एवढंच ओरडत होता. मी बडनेऱ्याला जाऊन गाडी पकडली. मूर्तिजापूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले आणि मनातल्या मनात त्याला शिव्या घालत राहिले. माझ्यापेक्षा लहान भाऊ. आधी जायची पाळी माझी होती. दम्यानं खिळखिळी झालेली मी मागे राहते आणि हा धडधाकट माणूस फळ्यासमोर शिकवता शिकवता खाली बसतो काय आणि संपतो काय... राग यायला एवढंही पुरलं असतं. पण माझ्या रागाला दुसरं कारण होतं, जुनं, मुरलेलं, आणि ते शोकसभेत वर आलं.

शोकसभा त्याच्या कॉलेजात झाली. मधू तिथे रसायनशास्त्र शिकवत असे. बोलणाऱ्यांत अमरावतीचे आमचे डॉक्टर होते, वडिलांचे स्नेही, आमच्या जन्मापासून घरी येणारे. वय झालेलं, तरी एवढ्या उन्हाचे आले, याचं सगळ्यांना कौतुक. त्यांनी मधूची साधी राहणी सांगितली, चिकाटी सांगितली, आणि मग आवाज हळवा करून म्हणाले, "त्याचा प्रयोग फसला, पण माणूस खचला नाही." सभेतल्या माना हलल्या. मी पहिल्या रांगेत डोक्यावरून पदर घेऊन बसले होते. मेलेल्या माणसाच्या बहिणीनं अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं असतं, तेच मी केलं. गप्प बसले. आता वर्तमानपत्राच्या या पुरवणीच्या संपादकांनी 'भावाच्या चार हृद्य आठवणी लिहून द्या' म्हटलं आहे. हृद्य मला जमेल असं वाटत नाही. मला फक्त एक सांगायचं आहे, की प्रयोग फसला नव्हता. तो कसा फसवला गेला आणि माझ्या भावानं ते कसं चालू दिलं, ते मी लिहिणार आहे.

आमच्या आईला दमा होता. अमरावतीत अंबागेटच्या आतल्या आमच्या घरात आम्ही दोघं भावंडं तिच्या श्वासाच्या आवाजावरच लहानाची मोठी झालो. डॉक्टरांची गोळी ती झोपताना घेई, पहिली झोप बरी लागे, आणि पहाट व्हायच्या आधी गोळीचा जोर ओसरला की ती उठून बसे. गुंडाळलेल्या गादीला टेकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे वर ओढून. उजाडेपर्यंत तिला बोलता येत नसे. उजाडलं की तोंड धुऊन चूल पेटवायची, जणू काही झालंच नाही. आम्ही अंथरुणात जागे असू, पण झोपल्याचं सोंग घेऊ, कारण आम्ही जागे दिसलो की तिला अपराध्यासारखं होई. वडील लवकर गेले. मी शाळेत नोकरी धरली, लग्न केलं नाही, आणि मधूला नागपूरला औषधशास्त्र शिकायला पाठवलं. तो तिथून सुट्टीवर आला तो एक वाक्य घेऊनच. "ताई, आईचं औषध चांगलं हाये. ते फक्त घाई करून राहिलं." म्हणजे गोळी पोटात गेली की लगेच विरघळते, सगळं औषध एकदम अंगात जातं, आणि रात्र पुरायच्या आत संपतं. ते हळूहळू सुटलं, रात्रभर पुरलं, तर आई झोपेल. त्याच्या सगळ्या आयुष्याचा प्रश्न एवढाच होता. त्यात कुठे मोठेपणा नव्हता, की देशसेवा नव्हती. आईनं एक अख्खी रात्र झोपावं.

असली हळू सुटणारी औषधं परदेशात निघाली आहेत, हे त्यानं वाचलं होतं. ती आपल्याकडे मिळण्यासारखी नव्हती आणि मिळाली असती तरी परवडली नसती. म्हणून तो झाडापाल्याच्या मागे लागला. मेळघाटातला डिंक आणून पाहिला, जवस भिजवून पाहिलं, इसबगोल पाहिलं. डिंक लवकर विरघळे, जवसाचा वास राही, इसबगोलाची गोळी पाण्यात पडताच फुगून फुटे. आणि मग एका सकाळी मी स्वयंपाकघरात भेंडी चिरत होते आणि आई मला रागावत होती, धुऊन कोरडी न करताच चिरायला घेतलीस म्हणून. विळीच्या पात्यापासून माझ्या बोटांपर्यंत तारा लोंबत होत्या. मधू चहा पीत दारात उभा होता. त्यानं कप खाली ठेवला, माझा हात धरला आणि त्या तारा बघत राहिला. भेंडीचा चिकटपणा जावा म्हणून बाया जन्मभर धडपडतात, आमसूल घालतात, दही घालतात. आमच्या या शहाण्यानं तो गोळा करायचं मनावर घेतलं.

तोवर त्याला अकोल्याच्या कॉलेजात नोकरी लागली होती आणि ताजनापेठेच्या बाजूला त्यानं एक खोली घेतली होती. मी सुट्टीत जाई तेव्हा खोलीभर भेंडीचा हिरवट वास. भेंड्या चिरायच्या, बिया काढायच्या, पाण्यात भिजत घालायच्या, दुसऱ्या दिवशी धोतराच्या फडक्यातून तो बुळबुळीत रस पिळून काढायचा आणि त्यात स्पिरिट ओतायचं. ओतलं की रसातून पांढरे पांढरे पुंजके वर येत. ते काढून परातीत पसरून गच्चीवर वाळवायचे. अकोल्याचं ऊन, दुपार पुरत नसे. मग कुटून, वस्त्रगाळ करून ती भुकटी आईच्याच औषधात मिसळायची आणि हातयंत्रावर गोळ्या दाबायच्या. बाजारातल्या बाया त्याला 'भेंडीमास्तर' म्हणू लागल्या. "मास्तर, घरी कोनी लगनाची पंगत बसवली का?" म्हणून चिडवत आणि वर एक मूठ जास्त टाकत. दारूबंदीचे दिवस, त्यामुळे स्पिरिटच्या बाटलीवरून शेजारपाजारी वेगळ्याच गोष्टी. त्याला कशाचंच काही वाटत नसे. त्याच्या खिडकीत एक काचेचा पेला कायम असे. त्यात पाणी आणि पाण्यात एक गोळी. पाण्यात पडली की तिच्या अंगावर भेंडीचा पारदर्शक थर फुगे, जेलीसारखा, आणि आतल्या औषधाला त्या थरातून वाट काढत हळूहळू बाहेर यावं लागे. सकाळी टाकलेली गोळी संध्याकाळीही पेल्यात दिसे, थोडी लहान, थोडी फिकट, पण जागेवर. येणाऱ्या प्रत्येकाला तो पेला दाखवी. "पाह्य ताई, घाई नाई करून राहिली," असं म्हणून तो असा हसे, की मला तो पुन्हा शाळेच्या खाकी चड्डीतला दिसे.

त्यानं आधी त्या गोळ्या स्वतः घेतल्या, पुष्कळ दिवस घेतल्या. मग आमच्या डॉक्टरांना सांगितलं. अमरावतीच्या आमच्या बैठकीच्या खोलीत, पेला समोर ठेवून, माझ्या देखत सांगितलं. या एका गोळीत एका रात्रीचं औषध आहे, नेहमीच्या गोळीपेक्षा पुष्कळ जास्त. म्हणून ही अख्खी गिळायची. फोडायची नाही, चावायची नाही. फोडली तर रात्रभराचं औषध एकदम अंगात जाईल. डॉक्टर हसले. "अरे, भेंडीची भाजी खाऊन दमा जात असता तं मी दवाखाना कायले उघडला असता?" म्हणाले. पण मग गंभीर होऊन बरं म्हणाले, आईला देऊन बघू म्हणाले, मी लक्ष ठेवतो म्हणाले. कॉलेजच्या प्राचार्यांनीही मधूला शब्द दिला होता. एका डॉक्टरनं चांगलं मत दिलं, तर कॉलेजात वेगळी खोली देऊ आणि गोळ्या नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात तपासायला पाठवू. सगळं आमच्या डॉक्टरांच्या मतावर येऊन थांबलं होतं.

आमच्याकडे औषध म्हणजे घोटायचं, हे बाहेरच्या वाचकाला सांगावं लागेल. वऱ्हाडात कुठल्याही घरात भिंतीतल्या देवळीत एक काळा दगडी खल असतो. वैद्याची मात्रा त्यात मधात घोटून चाटवायची, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. पुढे दवाखान्याच्या पांढऱ्या गोळ्या आल्या, त्याही बायांनी त्याच खलात घातल्या. नुसती गोळी पाण्याबरोबर गिळणं म्हणजे औषधाचा अपमान, असंच आमच्या आईला वाटे. मधूची गोळी मात्र तिनं पोरासाठी म्हणून अख्खी गिळली. पहिल्या रात्री ती झोपली. दुसऱ्या रात्रीही झोपली. मी पहाटे सवयीनं जागी झाले आणि घरात आवाज नाही म्हणून घाबरून तिच्या नाकाशी हात धरला... आई गाढ झोपली होती. मी देवापुढे जाऊन बसले आणि उजाडेपर्यंत उठले नाही.

त्यानंतर काही दिवसांनी डॉक्टर तिला बघायला आले. मी शाळेत होते, मधू अकोल्याला. आईनं तक्रार केली, की गोळी मोठी आहे, तोंडातच बुळबुळीत होते, गळ्याला चिकटते. डॉक्टर म्हणाले, "मंग खलात घोटा अन् मधात चाटा, वहिनी. पोटात गेल्यावर सारं एकच." हे मला आईनं स्वतः सांगितलं, त्यांच्या आवाजात सांगितलं. तिनं संध्याकाळी जेवणानंतर गोळी खलात घातली, बत्त्यानं चांगली घोटली, मधात कालवली आणि चाटली. थोड्याच वेळात तिचं सगळं अंग थरथरायला लागलं. छाती इतकी धडधडत होती, की लुगड्यावरून दिसत होती. ओकाऱ्या झाल्या, डोळे फिरले. शेजारचे धावून आले, टांग्यात घालून तिला दवाखान्यात नेलं. आई वाचली. पण दुसऱ्या दिवशी अख्ख्या अंबागेटात झालं होतं, की शिकलेल्या पोरानं आईवर प्रयोग केला आणि तिला मरणाच्या दारात नेऊन उभं केलं.

मधू पहिल्या बसनं आला. आईला बघून आम्ही दोघं दवाखान्यातून घरी आल्यावर मी त्याला देवळीतला खल दाखवला. मध वाळून चिकटला होता, बत्त्याला भुकटी लागलेली होती. त्यानं बोट फिरवून पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. मी म्हटलं, "चल, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे. त्यांनीच घोटायले सांगतलं. आईनं सांगतलं मले." त्यानं खल मोरीत नेऊन स्वच्छ धुतला, पुसला आणि परत देवळीत ठेवला. मग दवाखान्यात आईजवळ जाऊन बसला. आई रडत होती. "मधू, म्या घोटली रे. माह्याच हातानं तुह्या कामाची माती झाली," म्हणत होती. आणि माझ्या भावानं तिच्या कपाळावरून हात फिरवत, माझ्यासमोर, माझ्या डोळ्याला डोळा न भिडवता सांगितलं, "नाई आई. तू घोटली म्हणून काई झालं नाई. गोळीच चुकली होती माही. माप चुकलं होतं." आईनं त्याच्याकडे बघितलं. तिला ते खरं मानायचं होतं, म्हणून तिनं मानलं, आणि ती झोपी गेली.

तिथेच सगळं संपलं. आईला जे सांगितलं तेच मग जगाला सांगावं लागलं. प्राचार्यांनी विचारलं, तेव्हा मधू म्हणाला, माप चुकलं. डॉक्टरांनी तर विचारलंच नाही. त्यांना ते फार सोयीचं पडलं. आपण काय सांगून बसलो ते त्यांना आठवलं नसेल, असं मी एक क्षणही मानत नाही. ते गावभर म्हणत फिरले, पोरगा प्रामाणिक आहे हो, स्वतःच चूक कबूल करतो. कॉलेजनं खोली दिली नाही, गोळ्या नागपूरला गेल्या नाहीत. मी मधूशी भांडले. त्याच्या खोलीत जाऊन, शेजारी ऐकतील इतक्या मोठ्यानं भांडले. "काहून गप्प राहिला तू? अरे, किती मायबाप रातभर बसून राहिले असतील आपल्या आईसारखे, त्याहीचं काय?" तो म्हणाला, "ताई, खरं सांगतलं तं आई उरलेलं आयुष्य त्या खलाकडे पाहून काढंल. मले ते नाई चालत." मी म्हटलं, मग डॉक्टरांचं नाव घे, आईचं नको घेऊ. तो म्हणाला, घोटायला सांगितलं म्हटलं, की घोटली कोणी ते आलंच. त्यानं मला आईची शपथ घातली. मी घेतली. त्या शपथेला कशासाठी हो म्हटलं, हे मी आजही स्वतःला विचारते, पण त्या दिवशी त्याचा चेहरा बघून दुसरं काही करता आलं नसतं.

आणि लोकांना माहीत नाही ते आता ऐका. आई पुढे ज्या ज्या रात्री झोपली, त्या सगळ्या रात्री मधूच्या गोळीवर झोपली. पुन्हा उभी राहिल्यावर त्यानं तिला नव्या गोळ्या आणून दिल्या. "ही सुधारलेली हाये, फक्त ही फोडायची नाई," म्हणाला. काही सुधारलेलं नव्हतं. तीच भेंडी, तेच औषध, तेच माप. आई ती गोळी तुपाचं बोट लावून अख्खी गिळायची आणि सकाळपर्यंत झोपायची. शेवटपर्यंत, वर्षानुवर्षं. दमा तिला घेऊन गेला नाही, म्हातारपण घेऊन गेलं. दर महिन्याला मधू अकोल्याहून बाटली घेऊन येई, आणि आमच्या घरी चहा प्यायला येणारे डॉक्टर तिला विचारत, "वहिनी, आता कोनती गोळी घेता?" आई म्हणे, "तुमचीच." पोराची गोळी म्हटलं तर जुनी गोष्ट पुन्हा निघेल, म्हणून तिलाही आपल्या पोराची चूक झाकायची होती. दोघं एकमेकांना झाकत राहिली आणि मधल्या मधे त्या माणसाचं फावलं. आई गेली त्याच वर्षी दमा माझ्याकडे आला. मधूनं माझ्यासाठी बाटली आणायला सुरुवात केली.

आई गेल्यावर मी म्हटलं होतं, आता बोल. आता कोणाला जपायचं आहे? तो म्हणाला, "तिच्यामागं तिचं नाव कायले काढायचं, ताई?" मला इतका संताप आला, की त्या दिवशी मी त्याला वाढलं नाही. त्यानं स्वतः ताट घेतलं, वाढून घेतलं, माझंही वाढलं. असा होता तो. चांगुलपणानं माणसाला हतबल करणारा. त्याच्यावर माझं प्रेम होतं, हे सांगायला नको. पण मला तो राग सोडवत नाही. स्वतःचं नाव मातीत घालायचा त्याला हक्क होता. त्या गोळीचं नाव मातीत घालायचा नव्हता. आज गावोगावच्या घरांत लोक पहाटे उठून गुडघ्यांवर हात रोवून बसतात. त्यांना माझ्या आईचं नाव माहीत नाही आणि त्यांना त्याची गरजही नाही. आणि मधू, तू सगळं हातातच ठेवलंस रे. रस किती दाट झाला की थांबायचं, ते तुझ्या बोटांना कळायचं. मी मागच्या महिन्यात भेंडी आणून करून बघितली. परातीत काळपट, कडक पापड झाला. यंत्रात घातला तर गोळी झालीच नाही, चुरा झाला.

त्याची खोली आवरायला मी गेले तेव्हा खिडकीत तो पेला तसाच होता. पाणी उन्हानं आटलं होतं आणि तळाशी गोळीचा चकचकीत पापुद्रा काचेला धरून बसला होता. मी नखानं खरवडला, निघाला नाही. पेला, त्याचं हातयंत्र आणि माझ्यासाठी भरून ठेवलेली बाटली घेऊन मी अमरावतीला आले. बाटलीतल्या गोळ्या मी जपून घेत होते, जास्त त्रास असेल त्याच रात्री.

मागच्या आठवड्यात डॉक्टर समाचाराला आले. बसले, पाणी प्यायले, मधूच्या साधेपणाबद्दल पुन्हा बोलू लागले. मी उठले, तो पेला आणला, पाण्यानं भरला, बाटली उघडली. तळाशी एकच गोळी होती. ती मी त्यांच्यासमोर पाण्यात टाकली आणि पेला टीपॉयवर ठेवला. ते म्हणाले, "हे काय शांता?" मी म्हटलं, "चहा घ्या." त्यांनी चहा घेतला. गोळीभोवती थर फुगत गेला, काचेसारखा स्वच्छ. ते पावसाबद्दल बोलले, गुडघ्यांबद्दल बोलले. गोळी तिथेच. ते घड्याळ बघू लागले. मी म्हटलं, "याच खोलीत त्यानं तुमाले हा पेला दाखवला होता, काका. फोडू नका म्हणून सांगतलं होतं. अन् आईले घोटायले तुमी सांगतलं." त्यांचा हात कपावर थांबला. पेल्याकडे बघत ते अगदी हळू म्हणाले, "तेव्हा कोनाले माहीत होतं, शांता?"

"मधूले माहीत होतं," मी म्हटलं. "तो तुमाले सांगून राहिला होता. तुमी हसून राहिले होते."

ते काठी शोधत उठले. मी दारापर्यंत गेले नाही. त्या रात्री मला दम लागला आणि मी आईसारखीच गुंडाळलेल्या गादीला टेकून, गुडघ्यांवर हात रोवून उजाडायची वाट बघत बसले. उजाडलं तेव्हा टीपॉयवरच्या पेल्यात ती गोळी अजून होती.